प्रोस्टेटच्या गोळ्या आणि गोळीतला केमो: हॉर्मोनला दाद न देणाऱ्या कॅन्सरची औषधं समजून घेताना

“डॉक्टर, सलाईनमधून केमो नको. गोळ्यांचा पण असतो म्हणे, तोच द्या ना.” प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा मुलगा किंवा सून ओपीडीत हे हमखास बोलून जाते. मागणी समजण्यासारखी आहे. वडील थकलेत, शिरा सापडत नाहीत, दर तीन आठवड्यांनी गाडी करून शहरात न्यायचं म्हणजे घरातल्या एकाची रजा पडते. शिवाय केमो म्हटलं की केस गेलेला, उलट्यांनी बेजार झालेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. गोळी म्हटल्यावर जरा हायसं वाटतं.

पण ज्या गोळ्यांबद्दल त्यांनी ऐकलेलं असतं त्या बहुतेक वेळा केमो नसतातच. आणि जी गोळी खरोखरच केमो असते तिच्याबद्दल त्यांना फारसं कुणी सांगितलेलं नसतं. हा गोंधळ नुसता नावापुरता असता तर सोडून देता आला असता. गोळी कोणत्या जातीची आहे यावर ती कधी घ्यायची, कोणत्या तपासण्या करायच्या, ताप आला तर किती धावपळ करायची आणि विम्याचे पैसे मिळताना कुठे अडणार, हे सगळं ठरतं. म्हणून जरा मुळापासून बघू.

हॉर्मोन बंद, तरी कॅन्सर चालूच

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असलेली लहानशी ग्रंथी. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनवर पोसलेल्या असतात आणि तिथे झालेला कॅन्सरही बहुधा त्याच हॉर्मोनवर वाढतो. शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरन्स हॉजेस यांनी १९४१ साली हे दाखवून दिलं. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांचे अंडकोष काढले तर आजार मागे हटतो, हाडांचं दुखणं कमी होतं, असं त्यांना दिसलं. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ साली नोबेल मिळालं. आजही पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचाराचा पाया तोच आहे: एकतर अंडकोष काढायचं ऑपरेशन, नाहीतर महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायची ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, डेगारेलिक्स यांसारखी इंजेक्शनं. आपल्याकडे ऑपरेशन अजूनही बरेच जण निवडतात, कारण खर्च एकदाच येतो आणि तारखा सांभाळाव्या लागत नाहीत.

सुरुवातीला बहुतेकांना याचा उत्तम गुण येतो. रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, झपाट्याने उतरतो, माणूस पुन्हा फिरायला लागतो. मग काही काळाने, कुणाला वर्षाने तर कुणाला पाच वर्षांनी, पीएसए हळूहळू वर सरकू लागतो किंवा स्कॅनमध्ये हाडांवर नवे डाग दिसतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असूनही असं होत असेल, तर कॅन्सर ‘कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट’, म्हणजे हॉर्मोन तोडूनही न थांबणारा, झाला असं डॉक्टर म्हणतात. फाइलवर ‘एमसीआरपीसी’ अशी अक्षरं दिसली तर ती याचीच. पहिला ‘एम’ म्हणजे आजार पसरलेला आहे.

इथे एक साधी गोष्ट पुष्कळदा राहून जाते. हा शिक्का मारण्यापूर्वी टेस्टोस्टेरॉनची तपासणी झालेली असायला हवी. इंजेक्शनची तारीख हुकली असेल, तर कॅन्सर औषधाला दाद देत नाही असं नाही, औषधच पोहोचलेलं नसतं.

आता हॉर्मोन नसताना कॅन्सर वाढतो कसा? तो हॉर्मोनशिवाय जगायला शिकला असा समज बरीच वर्षं होता आणि तो बऱ्याच अंशी चुकीचा ठरला. नगरपालिकेचा नळ तोडला की सोसायटी आवारातच बोअर मारते, तसं काहीसं इथे होतं. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी थोडा कच्चा माल पुरवत असतात, त्यातून कॅन्सरच्या पेशी स्वतःच टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात. काही पेशी हॉर्मोन पकडणारे रिसेप्टर भरमसाट वाढवतात, म्हणजे थेंबभर हॉर्मोनसुद्धा पुरतं. काहींमध्ये तो रिसेप्टरच असा बदलतो की हॉर्मोन नसतानाही वाढीचा इशारा देत राहतो.

म्हणूनच नवं औषध सुरू झालं तरी जुनं हॉर्मोनचं इंजेक्शन सहसा चालूच ठेवतात. “त्याचा उपयोग संपला ना, मग कशाला टोचायचं?” असं म्हणून घरच्यांनी ते परस्पर बंद करू नये.

हातात पडते ती गोळी बहुधा केमो नसते

बोअर बंद करायचं काम ॲबिराटेरॉन करतं. लंडनच्या कॅन्सर संशोधन संस्थेत जन्मलेलं हे औषध ॲड्रिनल ग्रंथीत आणि खुद्द कॅन्सरच्या पेशीत टेस्टोस्टेरॉन तयार करणारं एक एन्झाइम अडवतं. अमेरिकेत त्याला २०११ साली मान्यता मिळाली. सलाईनचा केमो घेऊन झालेल्या ११९५ रुग्णांवरच्या चाचणीच्या पहिल्या निकालात ॲबिराटेरॉन घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १४.८ महिने आणि न घेणाऱ्यांचं १०.९ महिने भरलं होतं. पुढे केमोच्या आधीही ते वापरू लागले आणि आता तर हॉर्मोन उपचार सुरू करतानाच देतात. एन्झाल्युटामाइड २०१२ साली आलं. ते हॉर्मोनला रिसेप्टरवर बसूच देत नाही. अपाल्युटामाइड आणि डॅरोल्युटामाइड ही त्याच घराण्यातली धाकटी भावंडं.

या सगळ्या गोळ्या हॉर्मोनवरच्याच आहेत, फक्त जास्त नेमक्या. त्या पेशीला विष देऊन मारत नाहीत, म्हणून पांढऱ्या पेशी कोसळणं, केस जाणं हे प्रकार त्यांच्यात सहसा दिसत नाहीत. त्यांचे त्रास वेगळे. ॲबिराटेरॉनने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पायांवर सूज येते, लिव्हरचे आकडे बिघडू शकतात. हे आवरण्यासाठीच त्याच्यासोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं आणि पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी लिव्हरची तपासणी सांगितलेली असते. एन्झाल्युटामाइडने थकवा फार येतो, तोल जाऊन पडण्याची भीती असते आणि क्वचित फिट येते.

तिसऱ्या जातीची गोळी म्हणजे ओलापारिब. पेशीला आपल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करू न देणं हे तिचं काम. ती सरसकट सगळ्यांसाठी नाही. ज्यांच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए किंवा तशा जनुकात दोष सापडतो त्यांच्यासाठी. प्रोस्टेटसाठी अमेरिकेत ती २०२० साली मान्य झाली. हा दोष जन्मतः असेल तर बहिणींना आणि मुलींना स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही त्याच वाटेने जातो. म्हणून ही जनुक तपासणी एकट्या रुग्णापुरती राहत नाही.

ॲबिराटेरॉनबद्दल अजून एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं: रोज १००० मिलिग्रॅम, उपाशीपोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. कारण पोटात अन्न असेल तर हे औषध रक्तात कितीतरी पटींनी जास्त जातं; तुपकट, तेलकट जेवणानंतर तर दहा पटींपर्यंत. मग २०१८ साली ७२ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत उलटा विचार करून पाहिला गेला: पाव डोस, म्हणजे २५० मिलिग्रॅम, हलक्या नाश्त्याबरोबर दिला. पीएसए उतरण्याच्या बाबतीत तो पूर्ण डोसाच्या मागे पडला नाही. पैशांची ओढाताण असलेल्या रुग्णांसाठी काही डॉक्टर विचारपूर्वक ही पद्धत वापरतात. त्यामुळे एकाच वॉर्डातल्या दोन काकांना एकाच औषधाच्या अगदी उलट सूचना मिळालेल्या असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. धोका होतो तो सूचनांची अदलाबदल झाली की. चार गोळ्या आणि वर साजूक तुपातला शिरा, हे कुणाच्याच चिठ्ठीत नसतं.

खरा केमो सलाईनमधूनच का?

या आजारात आयुष्य वाढवतो असं सिद्ध झालेला पहिला केमो म्हणजे डॉसेटॅक्सेल. त्याआधी, १९९६ पासून, मायटोझँट्रोन होतं. त्याने दुखणं कमी व्हायचं, पण दिवस वाढत नव्हते. २००४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच आले. त्यातल्या एकीत दर तीन आठवड्यांनी डॉसेटॅक्सेल घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १८.९ महिने आणि मायटोझँट्रोनवाल्यांचं १६.५ महिने होतं. अडीच महिन्यांच्या आतबाहेरचा फरक वाचायला किरकोळ वाटतो. पण हा आकडा मधल्या माणसाचा आहे, काहींना त्याहून बराच जास्त फायदा होतो आणि काहींना काहीच नाही. शिवाय दुखणं कमी होतं ते वेगळं. डॉसेटॅक्सेल संपल्यावर वापरायचं कॅबाझिटॅक्सेल २०१० साली आलं, तेही सलाईनमधूनच.

मग याच औषधाची गोळी का करत नाहीत? प्रयत्न झालेत, होत आहेत. अडचण आतड्यात आहे. आतड्याच्या पेशींमध्ये पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो, तो आत शिरलेलं डॉसेटॅक्सेल उचलून पुन्हा आतड्यात फेकतो. त्यातून जे निसटतं ते आतड्याच्या भिंतीतलं आणि लिव्हरमधलं एक एन्झाइम फोडून टाकतं. शेवटी रक्तात किती पोहोचेल याचा भरवसा राहत नाही. एकाच्या बाबतीत कमी, दुसऱ्याच्या बाबतीत जास्त. ज्या औषधाच्या उपयोगी आणि घातक डोसात फारसं अंतर नाही, तिथे असा बेभरवसा परवडत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यावर शोधलेली युक्ती मला फार आवडते: डॉसेटॅक्सेलच्या गोळीसोबत रिटोनाविर द्यायचं. हे मूळचं एचआयव्हीवरचं औषध ते फोडाफोडी करणारं एन्झाइम थोपवून धरतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवर या जोडीच्या चाचण्या झाल्या आहेत, पण आज आपल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावी अशी ती गोळी नाही.

आता एक खटकणारी गोष्ट. केमो टाळायचा म्हणून ॲबिराटेरॉन संपलं की एन्झाल्युटामाइड आणि एन्झाल्युटामाइड संपलं की ॲबिराटेरॉन, अशी गोळीवरून गोळीवर उडी मारायला रुग्णांना आवडतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेमका हाच प्रश्न तपासला होता. डॉसेटॅक्सेल घेऊन झालेले आणि या दोनपैकी एका गोळीवर वर्षभराच्या आत आजार वाढलेले रुग्ण घेतले. निम्म्यांना कॅबाझिटॅक्सेलचं सलाईन, निम्म्यांना उरलेली दुसरी गोळी. सलाईनवाल्यांचा आजार स्कॅनवर ८ महिने थांबला, गोळीवाल्यांचा ३.७ महिने. आयुर्मानही १३.६ विरुद्ध ११ महिने. एक दार अडवून फसल्यावर त्याच दाराला दुसरं कुलूप लावून फार काही हाती लागत नाही. गोळी सोपी आहे एवढ्यावर तिची निवड करणं मला तरी महागात पडणारं वाटतं. केमो सोसण्याइतकी ताकद अंगात असताना तर नक्कीच.

गोळीतल्या केमोचे दोन जुने डाव

प्रोस्टेटसाठी खराखुरा केमो गोळीतून द्यायची कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये तयार झालेलं एस्ट्राम्युस्टीन हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. त्यामागचा विचार मोठा चलाख होता: इस्ट्रोजेन या स्त्री हॉर्मोनला नायट्रोजन मस्टर्ड हे जुनं केमोचं विष जोडायचं, म्हणजे इस्ट्रोजेन ते विष थेट प्रोस्टेटच्या पेशीपर्यंत वाहून नेईल. औषध चाललं, पण वेगळ्याच मार्गाने. पेशी दुभंगताना आत ज्या सूक्ष्म नळ्या उभ्या राहतात त्यांच्यात ते बिघाड करतं असं पुढे कळलं. या कॅप्सूल दुधासोबत घ्यायच्या नाहीत, कारण कॅल्शियममुळे औषध शरीरात शिरत नाही. मोठी अडचण इस्ट्रोजेनची होती. रक्तात गुठळ्या व्हायच्या, पाय सुजायचे, स्तन दुखरे व्हायचे, हृदयविकाराचा धोका वाढायचा. २००४ च्या दोन चाचण्यांपैकी दुसरीत डॉसेटॅक्सेलसोबत एस्ट्राम्युस्टीन होतं. पण एकट्या डॉसेटॅक्सेलनेही तेवढंच साधतं असं दिसल्यावर एस्ट्राम्युस्टीन मागे पडलं.

दुसरा डाव सॅट्राप्लॅटिनचा. त्यावर जरा थांबायला हवं, कारण ‘पीएसए उतरला म्हणजे औषध लागू पडलं’ असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी त्यात बरंच काही आहे.

सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं सलाईनमधून जातात. सॅट्राप्लॅटिन हे तोंडाने घ्यायचं प्लॅटिनम. एका केमोनंतर आजार वाढलेल्या ९५० रुग्णांवर त्याची चाचणी झाली: ३५ दिवसांच्या चक्रात पहिले पाच दिवस कॅप्सूल, सोबत रोज प्रेडनिसोन, तुलनेच्या गटाला नकली कॅप्सूल आणि तेच प्रेडनिसोन. आजार वाढण्याचा धोका एक तृतीयांशाने घटला, दुखणंही कमी झालं. कागदावर सुंदर दिसणारा निकाल होता. पण आठवड्यांत मोजलं तर आजार थांबण्याचा मधला काळ एका गटात ११.१ आठवडे आणि दुसऱ्यात ९.७, म्हणजे फरक जेमतेम दहा दिवसांचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीपुढे जुलै २००७ मध्ये हे प्रकरण आलं. बाराच्या बारा सदस्यांनी एकमुखाने सांगितलं की रुग्ण प्रत्यक्षात जास्त जगतात का, त्याचे आकडे येईपर्यंत थांबा. कंपनीने काही दिवसांतच अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आकडे आले: सॅट्राप्लॅटिन घेणारे ६१.३ आठवडे, न घेणारे ६१.४ आठवडे.

थांबायला सांगणाऱ्यांवर तेव्हा टीकाही झाली होती. पर्याय नसलेल्या माणसांना आशा का नाकारता, असा तो प्रश्न. प्रश्न खोटा नव्हता. पण हे औषध बाजारात आलं असतं तर रक्तपेशी घटवणारी महागडी कॅप्सूल हजारो घरांत गेली असती आणि आयुष्यात एका दिवसाचीही भर पडली नसती.

आज मिळणारी गोळी: सायक्लोफॉस्फामाइड

मग आज प्रोस्टेटच्या रुग्णाला ‘गोळीचा केमो’ म्हणून नेमकं काय मिळतं? बहुतेक वेळा सायक्लोफॉस्फामाइड. १९५९ पासून वापरात असलेलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं आणि स्वस्त. सलाईनमधून मोठा डोस द्यायचा तर त्याने केसही जातात, उलट्याही होतात. पण इथे ५० मिलिग्रॅमची छोटी गोळी रोज, खंड न पाडता, सोबत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा लहान डोस, अशी पद्धत असते. तिला मेट्रोनॉमिक केमो म्हणतात.

थोडं थोडं रोज देण्यामागे बळ वाचवणं एवढाच हेतू नाही. २००० सालच्या सुमारास बोस्टनमधल्या जुडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर असं दिसलं की मोठ्या डोसांच्या मधल्या सुट्टीत गाठ आपल्या रक्तवाहिन्या पुन्हा बांधून घेते. छोटा डोस सतत राहिला तर ती डागडुजी होत नाही. सायक्लोफॉस्फामाइडचा लहान डोस शरीराच्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या काही पेशी कमी करतो, असंही दिसलं आहे.

ऐकायला छानच. पण प्रोस्टेटमध्ये याचा पुरावा लहान लहान गटांवरच्या अभ्यासांचा आहे. काहींचा पीएसए निम्म्याहून खाली येतो, काहींची दुखणी कमी होतात, काहींवर ढिम्म परिणाम होत नाही. शिवाय स्टेरॉइडमुळे स्वतंत्रपणेही पीएसए उतरू शकतो, त्यामुळे श्रेय कुणाचं हे सांगणं कठीण जातं. आयुष्य वाढतं असं दाखवणारी मोठी चाचणी या गोळीच्या मागे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२० साली तोंड व घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये ४२२ रुग्णांवर गोळ्यांचा मेट्रोनॉमिक केमो सिस्प्लॅटिनच्या सलाईनपेक्षा सरस ठरवून दाखवला, मध्यम आयुर्मान ७.५ विरुद्ध ६.१ महिने. आपल्याकडच्या परिस्थितीत केलेलं ते मोलाचं काम आहे. पण तिथली औषधं मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब होती आणि आजारही दुसरा. त्याचा दाखला देऊन कुणी प्रोस्टेटसाठी डॉसेटॅक्सेल टाळत असेल, तर ते दोन वेगळ्या गोष्टींची सांगड घालणं झालं.

माझ्या मते या गोळीची जागा ठरलेली आहे. डॉसेटॅक्सेल घेऊन झालं, कॅबाझिटॅक्सेल झालं किंवा सोसणारच नाही, दिवसाचा बराच वेळ अंथरुणात जातो, दवाखाना लांब आहे, तरी काही करून पाहावं असं रुग्णालाच वाटतं. तिथे ती शहाणपणाची निवड असू शकते. पहिल्या ओळीत तिला बसवणं मात्र नाही.

घरात ही गोळी आली की

दवाखान्यातलं केमो नर्सच्या नजरेखाली जातं. गोळी स्वयंपाकघरातल्या शेल्फवर, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी येऊन बसते आणि तिथेच सगळे गाफील होतात. सायक्लोफॉस्फामाइडची गोळी आठवड्याच्या डबीत इतर गोळ्यांसोबत भरू नका. ती तोडायची नाही, कुटायची नाही. रुग्णाने स्वतःच पाकिटातून काढून तोंडात टाकावी हे उत्तम. दुसऱ्या कुणी द्यायची असेल तर हातमोजा घालून, नाहीतर झाकणात काढून, आणि नंतर साबणाने हात धुऊन. घरात दिवस गेलेली सून किंवा मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे नकोच. ही काळजी ॲबिराटेरॉनच्या बाबतीतही घ्यायची असते.

औषध शरीरातून लघवीवाटे बाहेर पडतं. त्यातला एक घटक मूत्राशयाच्या आतल्या अस्तराची आग करतो, क्वचित रक्तही येतं. म्हणून गोळी सकाळी घ्यायची, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवून ठेवायची नाही. रात्री घेतली तर झोपेत तीच लघवी तासन्‌तास साचून राहते. हृदय किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. लघवी लालसर दिसली तर बिटाची कोशिंबीर खाल्ली होती का ते आठवा आणि नसेल तर त्याच दिवशी फोन करा. कमोड वापरल्यावर झाकण लावून दोनदा पाणी सोडावं. पुरुषांनी बसून लघवी करावी म्हणजे उडत नाही.

डोस छोटा असला तरी पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, सांगितलेल्या दिवशीच करायची. आणि ताप. थर्मामीटरने १००.४ फॅरनहाइट किंवा वर दाखवलं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. गोळीने ताप उतरतो, आतला संसर्ग चालूच राहतो. केमो चालू आहे हे दवाखान्यात गेल्या गेल्या पहिल्या वाक्यात सांगायचं. कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरला गोळ्यांचं पाकीट दाखवलं तर अर्धं काम होतं.

डोस विसरला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उलटी झाली तरी पुन्हा गिळायची नाही. सोबतचं स्टेरॉइड अचानक तोडायचं नाही, आणि मधुमेह असेल तर त्या स्टेरॉइडने साखर चढेल हे गृहीत धरून आधीच विचारून ठेवायचं. इतर औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना द्या. आपल्याकडे टीबीचं रिफाम्पिसिन चालू असणं काही दुर्मिळ नाही. ते ॲबिराटेरॉनची रक्तातली पातळी पाडतं. फिटवरच्या फेनिटॉइनचंही तेच. एन्झाल्युटामाइड उलट दुसऱ्यांचा परिणाम कमी करतं, त्यात रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्याही येतात. वैद्यांचा काढा, कुणी पाठवलेली पावडर, हेही त्या यादीत लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पीएसए वाढलेला दिसला तरी लगेच हाय खाऊ नये. मरणाऱ्या पेशींमधूनही तो रक्तात येतो. तज्ज्ञांचा संकेत असा की साधारण बारा आठवड्यांपर्यंत नुसत्या पीएसएवरून निकाल लावायचा नाही. मात्र पाठ अचानक जास्त दुखायला लागली, पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर ते मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख बघायची नसते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. काही तासांच्या उशिरानेही पाय कायमचे जाऊ शकतात.

पैशांचं

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची एक यादी काढली आणि आरोग्य विमा कंपन्यांनी ते उपचार वगळू नयेत असं सांगितलं. त्या यादीत ‘ओरल केमोथेरपी’ स्पष्ट शब्दांत आहे. पण कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात, आणि घरी बसून घेतलेल्या गोळीचं बिल ओपीडीचं मानायचं की डे-केअरचं, यावरून वाद होतात. शिवाय ॲबिराटेरॉन हे केमो की हॉर्मोन, असा प्रश्न क्लेम तपासणारा विचारू शकतो, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. त्यामुळे उपचार सुरू व्हायच्या आधीच पॉलिसीचं पत्रक काढून ‘मॉडर्न ट्रीटमेंट’खाली काय लिहिलंय ते वाचा. कंपनीला ईमेलने औषधाचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या आश्वासनाला नंतर कुणी जागत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. आपल्या रुग्णाची नेमकी गोळी त्यात बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारावं. त्या चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. ॲबिराटेरॉनच्या जेनेरिक पाकिटांच्या किमतीत कंपनीगणिक खूप फरक असतो. मूळ नाव हातात असलं की दोन-चार दुकानांत भाव विचारता येतो. मात्र ब्रँड बदलण्याआधी डॉक्टरांना एकदा कळवा आणि नव्या पाकिटावरची एका गोळीची ताकद जुन्याएवढीच आहे ना ते तपासा. एक कंपनी २५० मिलिग्रॅमची गोळी काढते, दुसरी ५०० ची, आणि जुन्या सवयीने चारच्या चार गिळल्या जातात.